पहिला पोशाख कोणता शिवावा : बाराबंदी की अंगरखा?

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, मलाही जुन्या पद्धतीचा एक पोशाख स्वतःच्या हाताने शिवायचाय. बाराबंदी घेऊ की अंगरखा?" सोलापुरात हा प्रश्न याच दोन कपड्यांपाशी येऊन थांबतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा. सात नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं चालत असतात आणि ज्या घरातलं कुणी त्यात असतं तिथे बाराबंदी लागतेच. गड्डा उरकून महिना होतोय तोच 19 फेब्रुवारीची शिवजयंती येते, तेव्हा पोरांना अंगरखा हवा असतो.

मी दोन्ही शिवते. शाळेची नोकरी, घर, सणवार सांभाळून जे उरतं त्यात. विचारणारे बहुतेक जण कापडाच्या खर्चापासून सुरुवात करतात. मी त्यांना उलट विचारते, तुमच्या घरात तुम्हाला वेळ कसा मिळतो? पाव तास, वीस मिनिटं असा सुटासुटा, की आठवड्यातून एखादी अख्खी दुपार? या दोन कपड्यांतली निवड माझ्या मते तिथेच होते.

बाराबंदी आखूड असते, कमरेच्या जरा खालपर्यंत. पुढचे दोन पल्ले एकमेकांवर येतात आणि बंदांनी बांधले जातात. बारा बंद, म्हणजे सहा गाठी. पाठ, दोन पल्ले, दोन बाह्या, बगलेचे, म्हणजे काखेत लावायचे, दोन चौकोन आणि बंद, एवढेच तुकडे. जवळजवळ सगळी कात्री सरळ रेषेत चालते. जुन्या शिवणीची ही खूण आहे. हातमागाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान, म्हणून तुकडे चौकोनी बेतायचे, जिथे हालचाल हवी तिथे बगल घालायची आणि कापड वाया जाऊ द्यायचं नाही. मोठ्या माणसाची बाराबंदी 36 इंच पन्ह्याच्या 3 मीटर कापडात आरामात बसते.

हिचं खरं मोल बंदांमध्ये आहे. दीड इंच रुंद, दहा इंच लांब पट्टी घ्यायची. दोन्ही लांब कडा आत दुमडायच्या, मग पट्टी मधोमध घडी घालून कडेने बारीक तुरपाई. एक टोक आत खोचून बंद करायचं, दुसरं पल्ल्याच्या शिवणीत जायचं. एका बंदाला मला वीसेक मिनिटं लागतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक बंद. मुलाला क्लासवरून आणायला गेले, तो बाहेर येईपर्यंत एक बंद. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्या दिवशी हंडे भरता भरता अर्धा बंद तरी होतोच. सुई, दोरा आणि दोन पट्ट्या एका डबीत मावतात. मशीन मांडावं लागत नाही, सतरंजी पसरावी लागत नाही, कुणी हाक मारली तर उठता येतं.

बगल मात्र घाईत लावू नका. चार इंचांचा चौकोन तिरपा धरून बाही आणि अंग यांच्या मध्ये बसवायचा असतो. नंदीध्वज पेलणाऱ्याचे हात किती ताणले जातात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बगल नसेल तर हात उचलताच सगळा कपडा वर सरकतो आणि पहिली फाटते ती काखेतली शिवण. चौकोनाच्या टोकाशी शिवणीची जागा सोडून थांबायचं, तिथे दोन उलट्या टिपा एकाच जागी घालायच्या, मग पुढच्या बाजूला वळायचं. माझ्या पहिल्या बाराबंदीत मी टोकापलीकडे शिवत गेले होते, त्यामुळे तिथे चुणी पडली आणि ती चुणी काखेला काचत राहिली. ती बगल उसवून पुन्हा लावली तेव्हा कुठे हे हाताला कळलं.

अंगरख्याचं गणित वेगळं आहे. छातीचा भाग अंगाबरोबर, पुढे गोलसर उघडा गळा, त्याच्या आतून छाती झाकणारा पडदा आणि कमरेखाली कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद कापलेल्या तुकड्यांचा, घेर. गुडघ्यापर्यंतच्या साध्या अंगरख्याला मी 5 ते 6 मीटर कापड धरते. कळीची एक कड सरळ, दुसरी तिरपी. जोडताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरप्या कडेला लावायची. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या की शिवण ओघळते आणि घेर खाली लोंबतो. या कळ्या मांडीवर मावत नाहीत. जमिनीवर पसरून, टाचून, पुन्हा मोजून मगच शिवायच्या. मध्येच उठून गेलात तर कुठली कळी कुठे लागणार होती हे आठवण्यातच पुढचा अर्धा तास जातो.

आणि गळा. गोल कापलेल्या गळ्याचा बराचसा भाग उरेबीवर, म्हणजे कापडाच्या तिरप्या धाग्यावर, येतो, म्हणजे तो ताणला जाणारच. कात्री खाली ठेवली की त्याच क्षणी काठाने बारीक धावदोरा घालून तो बांधून घ्यायचा. एका गणपतीत मी मलमलचा अंगरखा कापला, तेवढ्यात पाहुणे आले. धावदोरा न घालता तो हँगरला अडकवून ठेवला आणि पाच दिवसांनी हातात घेतला. गळा दीड इंच वाढला होता. तो पडद्यावर कसाच बसेना. पुढचा सगळा भाग पुन्हा कापावा लागला. म्हणून सांगते, सणाच्या आठवड्यात अंगरखा कापायलाच घेऊ नका. सण संपू द्या.

कापडाचं बोलायचं तर बाराबंदीला पांढरा लठ्ठा किंवा जाडसर खादी. सरावाला मांजरपाट चांगला. अंगरख्याला पहिल्यांदा मलमल नकोच, ती बोटांखालून सरकते. साधं सुती केंब्रिक घ्या. सोलापुरात चाटी गल्लीत किंवा मधला मारुतीजवळ फिरलात तर दोन्ही मिळतील. माझी फार इच्छा असते की कापड इथल्याच मागावरचं असावं. 1877 साली 'जुनी गिरणी' ही कापडगिरणी उभी राहिलेलं हे गाव आहे. पण आज आपल्या मागांवर मुख्यतः चादरी आणि टॉवेल निघतात, ते या कामाचे नाहीत. साधं सुती कापड इचलकरंजीसारख्या ठिकाणाहून येतं. कुठलंही घ्या, कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा आणि इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. बाराबंदी आटली तर बाही तोकडी होते, एवढंच. अंगरख्याचा घेर आणि अस्तर वेगवेगळं आटलं तर कपडा वाकडाच होतो.

नमुना कुठून घ्यायचा, यात बाराबंदी फार पुढे आहे. ती अजून अंगावर वापरली जाते. गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी किंवा गावातल्या 68 लिंगांच्या फेरीत जवळ उभं राहून बघता येतं, की बंद कुठे लागलेत, पल्ला किती आत जातो. ओळखीच्या घरात जुनी बाराबंदी असेल तर मागून घ्या, उलटी करून आतली शिवण बघा. लोक खुशीने दाखवतात. गेल्या वर्षी साखर पेठेतल्या एका आजींनी पेटीतली काढून दिली आणि म्हणाल्या, "बघ की ओ, मशीनची एक टीप नाही हिला." खरोखरच नव्हती.

अंगरख्यासाठी चित्रांकडे जावं लागतं. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने कपडे पाहायला मिळतात. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स 1790 नंतरच्या दशकात पुण्यात होता. त्याने रंगवलेली सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं पेशवाईसाठी उपयोगी पडतात. पण शिवकाळ म्हणून पेशवाईतला अंगरखा शिवू नका. शिवाजी महाराजांची 17व्या शतकातली जी चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत महाराजांच्या अंगावर जामा आणि कमरेला पटका आहे. जाम्याचा पल्ला छातीवरून आडवा जाऊन बगलेत बांधला जातो, अंगरख्यासारखा पुढून गोल उघडा नसतो. गाठ कुठल्या बगलेत, हेही बघायचं असतं. मुघल काळात हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे बांधत. शिवजयंतीला दुकानातला चकचकीत सॅटिनचा तयार पोशाख पोरांच्या अंगावर पाहिला की मला वाईट वाटतं. त्याच खर्चात सुती जामा होतो, उन्हात अंगाला टोचत नाही आणि महाराजांच्या काळाशी त्याचं नातं असतं.

मशीन वापरावं का, याचं उत्तर मी दोन्ही कपड्यांसाठी वेगळं देते. सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं ते 1851 मध्ये, म्हणजे पेशवाईतला कुठलाही कपडा हातशिलाईचाच. तरीही पहिल्या अंगरख्याच्या कळ्यांच्या लांब शिवणी मशीनवर मारा. गळा, गोट (काठाची पट्टी) आणि खालची दुमड हाताने करा. सगळा हाताने करायला बसलात तर तो अर्धवट राहण्याची भीती आहे. बाराबंदी मात्र पूर्ण हाताने करा. रोज रात्री पाऊण तास बसले तर माझी साडेतीन आठवड्यांत होते. अंगरख्याला मशीन धरूनही 40 तासांच्या वर जातात, आणि ते सलग हवेत.

म्हणून घरात लहान मूल असेल, नोकरी असेल, वेळ तुकड्यांनी मिळत असेल तर बाराबंदी. दिवाळी संपली की कापड आणा, संक्रांतीला अंगावर येईल. सुट्टीचे चार-पाच दिवस मोकळे मिळत असतील, पसरायला खोली असेल, तर अंगरखा. पण मे महिन्यात नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, बोटं घामेजतात, सुई कापडात अडते आणि पांढऱ्या कापडावर डाग पडतात. नाताळच्या सुट्टीत कापून, शिवून घ्या. शेवटची दुमड घालण्याआधी अंगरखा दोन रात्री टांगून ठेवा, तिरप्या कडा काय ओघळायच्या त्या ओघळू द्या, मग जमिनीपासून पट्टीने मोजून खालचा काठ सारखा करा.

आणि बाराबंदी ठरली असेल तर कापड वाळून इस्त्री झालं की त्याच दिवशी बाकी काही कापलं नाही तरी चालेल, पण बंदांच्या बारा पट्ट्या कापा आणि डबीत भरून पर्समध्ये टाका.