चारशे तीस डॉलर आणि एक फुलीचा स्क्रू

आधीच सांगतो, मी नवखा नाही. न्यू जर्सीत सतरा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं उन्हाळ्यातला जवळजवळ प्रत्येक शनिवार मी यार्ड सेल, म्हणजे लोकांनी घरासमोर मांडलेले जुन्या सामानाचे बाजार, हिंडण्यात घालवलाय. लोक मंदिरात जातात, मी दुसऱ्यांच्या ड्राइव्हवेवर जातो. जुने व्हिडिओ गेम शोधायला. नकली कॅसेटी बाजारात किती आहेत हे मला माहीत होतं, मंडळातल्या दोघातिघांना मीच त्यावर प्रवचन दिलंय. आणि तरी गेल्या जूनमध्ये मला 430 डॉलरची टोपी बसली. रुपयांत सांगायचं तर साडेछत्तीस हजाराच्या आसपास. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

लाज वाटते म्हणून वर्षभर गप्प होतो. आता लिहितोय, कारण तीच माणसं अजून धंदा करतायत.

घरापासून चाळीस मैलांवर, नदीपलीकडे पेनसिल्वेनियात, एका गावात सगळ्या गावाचा मिळून यार्ड सेल होता. असे सेल म्हणजे आमच्यासारख्यांची पंढरी. सकाळी साडेसातला पोचलो. चौथ्या की पाचव्या घरासमोर हिरव्या चौकटींचा टेबलक्लॉथ, त्यावर कपबश्या, विणकामाच्या सुया, नाताळचे दिवे, आणि टेबलाखाली बुटांच्या खोक्यात कॅसेटी. खुर्चीत साठीची बाई. पायाशी तपकिरी कुत्रा, येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारा. बाई म्हणाली, मुलगा नौदलात गेला, त्याची खोली रिकामी करतेय, हे काय असतं ते मला काही कळत नाही हो.

"मला काही कळत नाही" हे वाक्य ऐकलं की खिशाला हात लावून गाडीत बसा. ज्याला कळत नाही तो खोक्यावर पाच डॉलर लिहितो. तिच्याकडे प्रत्येक गेमची किंमत तयार होती. सुपर निन्टेन्डो हा टीव्हीला जोडायचा कन्सोल आणि दोन कंट्रोलर 60, अर्थबाउंड 140, क्रोनो ट्रिगर 80, सुपर मेट्रॉइड 40, पोकेमॉन एमराल्ड 70, फायररेड 50, फुटबॉल-हॉकीच्या पाच कॅसेटी मिळून 10. बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी, पण "हे शक्यच नाही" असं वाटण्याइतक्या कमी नाहीत. अर्थबाउंड 20 डॉलरला मिळालं असतं तर मी शंका घेतली असती. 140 ऐकून वाटलं, बाईने कुठेतरी अर्धवट चौकशी केलीय, आपलं नशीब. किंमत लावणाऱ्याला माझ्यासारख्याचं डोकं कसं चालतं हे पक्कं ठाऊक होतं.

आता ती दोन मिनिटं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी अजून तिथेच उभा असतो.

एमराल्ड हातात घेतलं. अस्सल एमराल्डचं कवच पारदर्शक हिरवं असतं, मागे एकच स्क्रू, तीन पाकळ्यांचा. मी उलटं केलं तर साधा फुलीचा स्क्रू. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी हुशार ना! मनात म्हटलं, या गेमात घड्याळासाठी सीआर 1616 बॅटरी असते, ती वीस वर्षांत मरतेच, कुणीतरी उघडून बदलली असेल, स्क्रू हरवला असेल, दुसरा लावला असेल. सगळं एकदम तर्कशुद्ध. मग गाडीतून गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे एमराल्डसारख्या कॅसेटी चालवणारा हातातला कन्सोल, आणला (मी नेहमी चार्ज करून नेतो, तुम्हीही न्या) आणि कॅसेट घालून चालू केली. पडद्यावर इंग्रजीत संदेश आला, आतली बॅटरी संपली आहे. मी मान डोलावली. जुना गेम आहे, बॅटरी संपणारच!

लक्षात आलं का? एका मिनिटापूर्वी मी स्वतःला सांगितलं होतं की बॅटरी बदललीय म्हणून स्क्रू वेगळा आहे. दुसऱ्या मिनिटाला सांगितलं की बॅटरी जुनी आहे म्हणून संपलीय. दोन्ही कारणं मीच शोधली, बाईने एक शब्द काढला नाही. मला फसवायला तिला तोंड उघडावंच लागलं नाही.

तरी कदाचित अजून विचार केला असता, पण तेवढ्यात एक तरुण पोरगा खोक्यावर वाकला. बेसबॉल टोपी, हातात कॉफी. "तुम्ही घेणार नसाल तर मी सगळं घेतो," म्हणाला. झालं. माझं रक्त तापलं. नऊ वर्षांत मी अशा पोरांच्या तोंडचे घास कितीदा पळवलेत. घाईघाईत 450 चे 430 केले, 180 रोख आणि खिशात तेवढेच होते म्हणून 250 फोनवरून बँकेच्या ॲपने. सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटी तपासायला बाहेर वीज नव्हती. असती तरी तपासल्या नसत्या.

आणि कुत्रा. माझ्यावर, पोस्टमनवर, शेजारच्या छोट्या मुलीवर भुंकणारा कुत्रा त्या पोराजवळ शेपूट हलवत गेला आणि त्याच्या हातावरचा कॉफीचा थेंब चाटला. हे मी बघितलं होतं. बघून "बघा, प्राण्यांना माणूस कळतो" असं काहीतरी वाटलंही होतं. कळतोच. रोज घरी असणारा माणूस कुत्र्याला कळणारच की.

नवव्या दिवशी लेकीला एमराल्डमध्ये सहावा बॅज मिळाला, म्हणजे गेममधला सहावा मोठा टप्पा पार झाला, तिने सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी चालू केलं तर काहीच नाही. ती अकरा वर्षांची आहे, रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बॅटरी गेली असेल म्हणायची सोय नव्हती, कारण अस्सल एमराल्डमध्ये बॅटरी फक्त घड्याळासाठी असते, ती मेली तरी सेव्ह टिकतो. मग रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्या उघडल्या. सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटीचे स्क्रू वेगळे, षट्कोनासारखे, त्यांना 3.8 मिलिमीटरचं खास टोक लागतं. ते माझ्या खणात पाच वर्षं पडून आहे. गाडीत नव्हतं. ते गाडीत ठेवा, खणात ठेवून कुणाचं भलं होत नाही.

घरातली एक अस्सल कॅसेट उघडून शेजारी ठेवली. तिच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं, जाड काळ्या चिप, टाचलेली गोल बॅटरी. अर्थबाउंडच्या आत मात्र नवी कोरी, अर्ध्या आकाराची पट्टी, कालच कारखान्यातून आल्यासारखी. गंमत बघा, 1995 साली अर्थबाउंड अमेरिकेत आलं तेव्हा करणाऱ्यांनी त्यात चोरांसाठी सापळा ठेवला होता. नक्कल आहे असं ओळखलं की शत्रू वाढवायचे, आणि तरी कुणी नेटाने शेवटच्या लढाईपर्यंत पोचलाच तर तिथे गेम गोठवून सगळे सेव्ह पुसायचे. आताच्या चोरांनी ते कुलूपही काढून टाकलंय. मलाच तेवढं कुणी सावध केलं नाही.

खरं तर उघडायचीही गरज नव्हती. कन्सोलचं प्लास्टिक हळदीसारखं पिवळं पडलं होतं, त्यावर बोटाचा ठसा उठेल एवढी धूळ. त्याच खोक्यातल्या कॅसेटी राखाडी, स्वच्छ, स्टिकरला नव्या गोंदाचा वास. एकाच पोराच्या खोलीत वीस-तीस वर्षं एकत्र पडलेल्या वस्तूंपैकी काहींवरच धूळ कशी बसते? गेम बॉय ॲडव्हान्सच्या अस्सल लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, तिरपं धरलं की दिसतात. फायररेडवर काही नव्हतं. मी तिरपं धरलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. मी इचलकरंजीत वाढलो. आमच्या लहानपणी टीव्ही गेमची एकूण एक कॅसेट नकली होती. पिवळ्या रंगाची, वर 9999 गेम लिहिलेलं, आत तेच तेच वीस गेम फिरून. तासाला पाच रुपये देऊन कॉन्ट्रा खेळायचो, अडकली की फुंकर मारायची. ज्याचं सगळं बालपण नकली मालावर गेलं, त्याला चाळिशीत नकली माल ओळखू येऊ नये? बायको म्हणाली, "अहो, तेव्हा निदान पाच रुपयांत तरी फसत होता."

पुढच्या शनिवारी परत गेलो. घर होतं, बाई नव्हती. दार उघडलेल्या गृहस्थाने सांगितलं की गावाच्या सेलच्या दिवशी त्याने ड्राइव्हवे 20 डॉलरला वापरायला दिला होता. नाव? विचारलं नाही. आता कुठल्याही सेलला गेलो की पहिला प्रश्न विचारतो, इथेच राहता का? आणि जाताना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढतो. बायकोला ते वेडेपणाचं वाटतं.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस स्टेशनात खिडकीपलीकडच्या साहेबांनी कॅसेट दोन बोटांत धरून विचारलं, "चालते ना?" चालते, पण नकली आहे. "पण चालते." यार्ड सेलला जसं आहे तसं घ्यायचं असतं, हे दिवाणी प्रकरण आहे, छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा. कोर्टाच्या फॉर्मवर प्रतिवादीचं नाव आणि पत्ता लागतो. तो असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? यावर साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली. नकली माल विकणं गुन्हा आहे ना, असं विचारलं तर म्हणाले, ते मोठ्या प्रमाणावर असेल तर. म्हणजे चोराने आधी मोठं व्हायचं, मग हे बघणार.

बँकेत त्याहून भारी. 250 डॉलर मी स्वतः बटण दाबून पाठवले, म्हणून ती फसवणूक नाही. माझा फोन चोरून कुणी पाठवले असते तर फसवणूक. तीन वेगवेगळ्या माणसांनी फोनवर हेच वाक्य एकाच सुरात वाचून दाखवलं, आणि तिघांनीही शेवटी विचारलं, आज आणखी काही मदत करू शकतो का? आणखी! पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव सांगा म्हटलं तर गोपनीयता. चोराची गोपनीयता. क्रेडिट कार्डावर निदान तक्रार तरी करता येते. ॲपने पाठवलेले पैसे म्हणजे नदीत सोडलेला दिवा.

ग्राहक तक्रारींच्या सरकारी खात्याकडे चार पानी फॉर्म, सहा फोटो, दोन्ही स्क्रूंचे जवळून काढलेले. सात आठवड्यांनी उत्तर आलं, खाजगी व्यक्तींमधला व्यवहार आमच्या कक्षेत बसत नाही. पत्राखाली सर्वेक्षणाची लिंक होती, आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच. मी एक दिला. त्याचं आभाराचं ईमेल मात्र दोन मिनिटांत आलं.

जुन्या गेमांना काय एवढं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की जुलै 2021 मध्ये सुपर मारिओ 64 ची एक सीलबंद प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. अशा बातम्यांनंतर आमच्या छंदात चोर येणार नाहीत तर काय भजनी मंडळ येणार? फुटबॉल-हॉकीच्या त्या पाच कॅसेटी आणि पिवळा कन्सोल अस्सल निघाला. कुणालाच नको असलेला माल नेहमी अस्सलच असतो. म्हणजे 430 मधले 70 मार्गी लागले म्हणायचे.

परवा एका सेलच्या जाहिरातीत टेबलाचा फोटो बघितला. इथे न्यू जर्सीतच, आमच्यापासून तासाभरावर. हिरव्या चौकटींचा टेबलक्लॉथ, खाली बुटांचं खोकं, कोपऱ्यात अर्धवट दिसणारा तपकिरी कुत्रा. पोलिसांना फोन केला. आधीचा तक्रार क्रमांक विचारला, दिला. म्हणाले, ते दुसऱ्या राज्यातलं प्रकरण आहे.

म्हणून इथे लिहून ठेवतो. बाई साठीची, चष्मा गळ्यात दोरीला. पोरगा पंचविशीचा, कॉफी डाव्या हातात. कुत्र्याचा उजवा कान अर्ध्यात मोडलेला. तो सगळ्यांवर भुंकेल. कुणावर भुंकत नाही तेवढं बघा.