दोन कॅमेऱ्यांचा पट्टा घेताय? आधी उकिडवं बसून बघा

पोळ्याच्या आदल्या दिवशी चिमूरजवळच्या एका गावात खांदशेकणीचे फोटो काढत होतो. पळसाच्या पानाने बैलाच्या खांदेला तूप-हळद लावता लावता काकाजींनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. दोन कॅमेरे, दोन गळपट्टे आणि मानेवर पट्ट्यांचे दोन लाल वळ. म्हणाले, "बैलाची खांद वर्सातून एकडाव तरी शेकतो गा आमी. तुही कोन शेकते?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन सगळं सामान तराजूवर ठेवलं. कॅनन ५डी मार्क ४ सुमारे ८९० ग्रॅम, त्यावरची २४-७० ही जवळची, रुंद लेन्स ८०५. दुसरा ६डी मार्क २, ७६५ ग्रॅम, आणि त्याची ७०-२०० ही लांबची लेन्स दीड किलोला जेमतेम दहा ग्रॅम कमी. म्हणजे चार किलोच्या आसपास ओझं. त्यावर फ्लॅश आणि त्याचे चार सेल, आणखी अर्धा किलो. लग्नाच्या दिवशी हे सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत अंगावर असतं.

एकाच कॅमेऱ्यावर का भागत नाही, असं नवी मुलं विचारतात. मंगलाष्टकं संपत आली की अंतरपाट किती वेळ धरलेला राहतो, ते आठवा. तो खाली येतो त्या दोन सेकंदांत नवरीचा चेहरा लांबून हवा आणि अक्षतांचा अख्खा मांडवही हवा. तेवढ्यात लेन्स बदलता येत नाही, आणि आलीच तरी शेणामातीच्या अंगणात, वाऱ्यावर, सेन्सर उघडा टाकायची माझी छाती होत नाही. शंकरपटाचंही तसंच. २०१४ पासून बंद पडलेल्या बैलांच्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाट मोकळी केली, तेव्हापासून हिवाळ्यात आमच्याकडे पटाचे फोटो मागणारेही वाढले. जोडी सुटताना लांबची लेन्स, आणि पंधरा-वीस पावलांवर आली की रुंद. मधे विचार करायलाही वेळ नसतो.

तर पट्टा हवाच. प्रश्न कुठला, हा. यूट्यूबवरची परीक्षणं बघून मी दोनदा फसलो. ते लोक खोटं बोलतात असं नाही. पण त्यांची लग्नं उभ्याने होतात. आपली होतात जमिनीवर. हळद पाटावर, विधी चौरंगासमोर, पंगत सतरंजीवर आणि म्हातारी आजी भिंतीला टेकून खालीच. एका लग्नात मी किती वेळा उकिडवा बसतो, हे एकदा मोजायला घेतलं आणि दुपारी जेवणाआधीच ऐंशीच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. त्यामुळे माझी कसोटी खांद्याची नाही, गुडघ्याची आहे. उभं राहिल्यावर कुठलाही पट्टा बरा वाटतो. बसल्यावर कॅमेरा कुठे जातो, ते बघायचं.

पहिला मुकाबला नायलॉन आणि चामड्याचा, कारण बहुतेक लोकांची निवड याच दोघांत अडते.

नायलॉनचा जोडपट्टा म्हणजे ब्लॅकरॅपिड कंपनीच्या पट्ट्याच्या धर्तीवरचा. दोन्ही खांद्यांवर गादी, पाठीवर जोड, छातीवर एक आडवी पट्टी, आणि दोन्ही बाजूंना कॅमेरे बुडाकडून उलटे टांगलेले. कॅमेरा उचलला की खांद्याची गादी जागेवर राहते आणि कडी पट्टीवरून सरकत वर येते. हे सरकणं हाच त्याचा खरा गुण. हात डोळ्यापर्यंत कुठेही अडत नाही. लांबी बकलमधून ओढून दोन सेकंदांत कमी-जास्त होते, आणि खाली बसण्याच्या कामात ही गोष्ट सोन्यासारखी आहे. विधी सुरू झाले की मी दोन्ही बाजू चार-चार बोटं वर ओढतो, वरातीला परत सैल करतो.

चामड्याचा हार्नेस, म्हणजे तसाच दोन्ही खांद्यांवरून घालायचा पट्टा, होल्डफास्ट कंपनीच्या मनीमेकरच्या घाटाचा, दिसायला राजबिंडा. नवरदेवाचे मामासुद्धा विचारतात, "कुठून घेतला जी?" गिऱ्हाइकावर छाप पडते हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि धंद्यात छापेलाही किंमत आहे. रुंद चामडं ओझं पसरवून घेतं, आणि सात-आठ लग्नं झाली की खांद्याचा आकार धरतं. पण लांबी बकलच्या भोकांनी ठरते. एक भोक वर घ्यायचं तर कॅमेरे काढा, बकल सोडा, परत लावा. तेवढ्यात कन्यादान होऊन जातं.

आता घाम. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि लग्नंही नेमकी तेव्हाच. माझा चामड्याचा पट्टा मी आठवडी बाजारात बसणाऱ्या मोच्याकडून म्हशीच्या कातड्याचा करून घेतला होता. शिलाई दुहेरी, दोरा मेण लावलेला, रिबिट पितळेचे, काम एक नंबर. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने माझ्या तीन पांढऱ्या शर्टांच्या पाठीवर तपकिरी जानवं काढून दिलं. वाळला की कडेला मिठाची पांढरी रेघ उमटायची. ओल्या फडक्याने पुसून तेल दिलं नाही की कडक व्हायचा. पावसाळ्यात दोन आठवडे कपाटात राहिला, तर हिरवी बुरशी. नायलॉनचा काय, रात्री बादलीत बुचकळला, दोरीवर टाकला, सकाळी कोरडा. मात्र खांद्याच्या गादीत जाळीचं कापड आहे ना, ते बघून घ्या. निओप्रीनची, म्हणजे रबरी स्पंजाची, जाड फुगीर गादी दुकानात मऊ लागते आणि मे महिन्यात घामोळं देते.

मग चामड्याला विचारायचंच नाही का? टिकण्यात ते पुढे आहे. नायलॉनची पट्टी शिलाईपाशी उसवते आणि उन्हाने फिकी पडते. चामडं सांभाळलं तर कितीतरी वर्षं जातं, आणि बिघडलं तरी बाजाराच्या दिवशी मोची बसलेलाच असतो. नायलॉनचं बकल तुटलं तर पुन्हा ऑनलाइन मागवून पार्सलची वाट पाहा.

दोघांचा धोका मात्र एकच आणि तोच सगळ्यात मोठा. ज्या स्क्रूवर कॅमेरा लटकतो, तो.

माझा पहिला जोडपट्टा नऊशे रुपयांचा होता, घरपोच आलेला. वरात मारुतीच्या देवळापाशी आली होती, डीजेपुढे पोट्टे नाचत होते. मी डावीकडची लांब लेन्स डोळ्याला लावून नवरदेवावर रोखलेली. मागून एक पोरगा ओरडला, "ओ भाऊ, तुमचा कॅमेरा पडला ना!" उजवीकडे हात घातला तर कडी हातात आली, खाली काहीच नाही. २४-७० चं हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची प्लास्टिकची कड, फुटलं, फिल्टरची कड दबली, बॉडी वाचली. नंतर निवांत बसून पाहिलं तेव्हा कारण कळलं. कॅमेरा वर-खाली करताना जो फिरतो, तो कडीखालचा फिरता जोड. त्यात धूळ बसून तो आखडला होता. जोड फिरेना, म्हणून प्रत्येक वेळी स्क्रूच थोडा थोडा फिरत राहिला. उलट्या दिशेने फिरला की सुटणारच. स्क्रूखालची रबरी चकतीही उन्हाने वाळून कडक झाली होती, पकडच राहिली नव्हती.

म्हणून पट्टा महाग असो की स्वस्त, घेताना तीन गोष्टी हातात घेऊन बघा. फिरता जोड बोटाने विनासायास फिरतो का. हुकाला पेचाचं कुलूप आहे का, की नुसत्या स्प्रिंगवर भरवसा. आणि लोखंडी कड्या, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारख्या, त्यांचा सांधा वेल्डिंगने बंद केला आहे का. स्वस्त पट्ट्यांत तार नुसती वाकवून टोकाला टोक लावलेलं असतं. नखाने चाचपलं तर फट लागते. ओझ्याखाली ती फट उघडते आणि पट्टी त्यातून सटकते. फट लागली तर पुढचं काहीच बघू नका, ठेवून द्या. याशिवाय कॅमेऱ्याच्या मूळ पट्ट्याच्या खाचेतून एक बारीक मजबूत दोरी हार्नेसला बांधलेली असावी. स्क्रू सुटला तरी कॅमेरा दोरीवर राहतो. आजकाल बऱ्याच पट्ट्यांसोबत ही दोरी येते. लोक ती पिशवीतच ठेवून देतात.

७०-२०० लावलेला कॅमेरा बॉडीच्या बुडाकडून कधीच टांगू नका. लेन्सला ट्रायपॉडवर बसवायला स्वतःचा पाय असतो, त्याला टांगा. नाहीतर दीड किलोची लेन्स दिवसभर माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या कडीवर, ताण देत राहते आणि चालताना पेंडुलमसारखी झुलते.

कमरेच्या पट्ट्याकडे, म्हणजे स्पायडर होल्स्टरच्या प्रकाराकडे, मी मोठ्या आशेने गेलो. सगळं ओझं कमरेच्या हाडावर, खांदे मोकळे, पाठीला घाम नाही. कॅमेऱ्याच्या बुडाला एक खुंटी असते, ती कमरेवरच्या खाचेत अडकते. काढायला एक बोट पुरतं. पाठीचं दुखणं असलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगलं काही नाही, आणि शंकरपटात उभ्याने काम असतं तेव्हा मी हाच बांधतो. पण उकिडवं बसलात की मांडी वर येते, कॅमेरा बाहेर ढकलला जातो आणि लांब लेन्सचं हूड मुरुमात रुततं. पहिल्याच हळदीत माझ्या हुडात मुरूम, तांदूळ आणि एक झेंडूची पाकळी निघाली. शिवाय माझ्यासारख्या किडकिडीत माणसाच्या कमरेवरून पट्टा घसरतो. आणि सांगायला संकोच वाटतो पण सांगतोच: लग्नघरी लघवीला वावराच्या धुऱ्यावर जावं लागलं की कमरेचा पट्टा फार छळतो. खांद्याच्या हार्नेसमध्ये नुसते दोन हुक सोडून कॅमेरे भाच्याच्या हातात देता येतात.

कॉटन कॅरियरसारखं छातीवर कॅमेरा अडकवायचं जॅकेट जंगलात चालणाऱ्यांसाठी उत्तम, कॅमेरा हलत नाही. लग्नात नाही. वाकलं की कॅमेरा पोटात घुसतो, आणि मे महिन्यात अंगावर आणखी एक जॅकेट चढवायचं म्हणजे शिक्षाच. कोलारा गेटने ताडोब्यात जिप्सीतून जाणार असाल तर यातलं काहीच नको. तिथे बसूनच राहायचं असतं, वाळूची किंवा तांदळाची पिशवी लेन्सखाली ठेवा. झाडीपट्टीच्या रात्रीच्या नाटकालाही तेच. रंगमंचासमोर एक जागा धरली की पहाटेपर्यंत तिथेच, मग पट्टा कशाला?

माझ्यासोबत काम करणारी ताई वेगळं सांगते, आणि तिचं खरं आहे. छातीवरची आडवी पट्टी बायकांना जागी बसत नाही, एकतर गळ्याशी चढते नाहीतर खाली टोचते. अरुंद खांद्यांवरून पाठीतला एकच जोड असलेला हार्नेसही घसरतो. तिने शेवटी पाठीवर फुलीसारखा जाणारा पट्टा निवडला, पुढे आडवी पट्टी नाही. ओढणी घरी ठेवून येते.

फ्लॅशचं कुणीच सांगत नाही, म्हणून सांगतो. कॅमेरा उलटा टांगला की फ्लॅश खाली लोंबतो, गुडघ्याला आदळतो आणि त्याचा प्लास्टिकचा पाय एक दिवस मोडतो. अंधार पडला की मी फ्लॅशवाला कॅमेरा हातात ठेवतो आणि दुसरा एकटा टांगतो. जोडपट्ट्याची एक बाजू त्या वेळी रिकामी राहते, राहू द्या.

मला विचाराल तर: महिन्यात चार-पाच लग्नं आणि तीही गावातली असतील, तर जाळीच्या गादीचा नायलॉनचा जोडपट्टा घ्या, पण कड्या आणि जोड चाचपून. बहुतेक लग्नं नागपूरच्या वातानुकूलित हॉलमध्ये असतील आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी किंमत करत असेल, तर चामडं. मान-पाठ आधीच गेली असेल आणि काम उभ्याचं असेल, तर कमरेचा. पैसे सध्या नसतील तर कंपनीचेच दोन गळपट्टे छातीवर फुलीसारखे तिरपे घाला. गुंता होतो, पण मान वाचते.

घेतलेला पट्टा परत करायची मुदत असते तोवर एक प्रयोग करा. पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या भरा. एकेक भरते जवळपास दोन किलो, म्हणजे आपल्या एका कॅमेऱ्याएवढीच. दोन्ही बाटल्या त्या हुकांना दोरीने बांधा, घरात अर्धा तास वावरा, उकिडवं बसून अंगण झाडा, वाकून चप्पल घाला. बाटली जमिनीला टेकली तर पट्टी चार बोटं वर ओढा. ओढायला जागाच उरली नसेल तर पट्टा खोक्यात घाला आणि परत पाठवा.