एक्झॉस्टचे बोल्ट: ओरिजिनल, स्टेनलेस की नागदेवीचे?

माझी पोर्श बॉक्स्टर ९८७ मालिकेतली, सेकंड हँड घेतलेली. वर्सोव्याला समुद्रापासून दोन गल्ल्यांवर उघड्यावर उभी असते. गेल्या पावसाळ्यानंतर सकाळी गाडी सुरू केली की एका बाजूने टिकटिक यायची आणि इंजिन तापलं की बंद व्हायची. ही खूण ओळखून ठेवा. मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारे पाइप) आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) यांच्यातल्या फटीतून गॅस फुटत असतो. धातू तापून फुगला की फट मिटते. ‘तापल्यावर जातोय ना आवाज, मग असू दे’ असं म्हणून सोडू नका. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय. मग तो पेट्रोल वाढवतो आणि शेवटी त्याचा भुर्दंड धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भरतो.

या इंजिनात तीन सिलिंडर एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बाजूचा मॅनिफोल्ड सहा बोल्टांवर, आणि हे बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये शिरतात. म्हणजे हेडमधले आटे गेले तर प्रकरण फार महागात जातं. नवीन सामानाची तुलना करताना हे सतत डोक्यात असू द्या.

आधी जुने काढायचे. माझ्या बोल्टांची डोकी गंजून इतकी झिजली होती की १३चा सॉकेट नुसता फिरत होता. हातोड्याने १२चा ठोकून बसवला तेव्हा कुठे पकड आली. पहिल्या गॅरेजमध्ये मात्र मी समोर उभा असताना थेट इम्पॅक्ट गन लावली आणि दोन बोल्ट तुटले. एकाचा तुकडा बाहेर होता. दुसरा हेडच्या पातळीत तुटला होता, तिथे त्यांनी हाताने ड्रिल चालवलं. बोल्ट पोलादी, भोवतालचं हेड मऊ. ड्रिल मऊ बाजूला सरकणारच, आणि सरकलं. तिथे हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेची गुंडाळी, बसवावी लागली. बाहेर आलेल्या तुकड्याचं काम दुसऱ्या मिस्त्रींनी केलं. त्यावर नट ठेवून वेल्डिंग केलं, निवू दिलं आणि साध्या पान्याने हळूच फिरवलं. “साहेब, बोल्टाला घाई केली की तो सूड घेतो,” असं ते म्हणाले. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारणं, बोल्टाभोवतालचं हेड गरम करणं, सोडवण्याआधी किंचित आवळून बघणं हे सगळं जो करतो त्याच्याकडेच गाडी द्या. सामान कुठलं घ्यायचं ते नंतर.

आता सामान. हेडमध्ये जाणाऱ्या बारा बोल्टांसाठी तीन वाटा आहेत.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ओरिजिनल घेतले तर लांबी, ताकद, डोक्याखालची बैठक सगळं जसं हवं तसं मिळतं. बोल्ट दोन मिलिमीटर जास्त लांब असला तरी भोकाच्या तळाला टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण गॅसकेट (जोडातली फट बुजवणारी पट्टी) दाबतच नाही. ओरिजिनलमध्ये ही धास्ती नाही. किंमत जास्त, कधी थांबावं लागतं. आणि मुंबईच्या हवेत त्यांची डोकी पुन्हा गंजणार, हेही खरं.

परदेशातून मागवायचे स्टेनलेस किट दिसायला देखणे, डोकं गंजत नाही, पुढच्या वेळी पाना नीट बसतो. समुद्राजवळ राहणाऱ्याला हा मोह होतो, मलाही झाला. शिवाय स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणजे ॲल्युमिनियमला थोडं जवळ. पण नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची यील्ड ताकद (कायमचं ताणलं जाण्याआधी सोसता येणारा ताण) ४५० मेगापास्कल, तर ८.८ ग्रेडच्या पोलादाची ६४०. आणि खाऱ्या, दमट हवेत स्टेनलेस व ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आतच जाम होतो. डोकं गंजलं तर त्यावर उपाय आहे. आटे आत चिकटले तर पुन्हा ते ड्रिल, पुन्हा ती हेलिकॉइल.

तिसरी वाट नागदेवी स्ट्रीटची, मुंबईच्या हार्डवेअर बाजाराची. मला ती गल्ली मनापासून आवडते. हातात बोल्टाचा नमुना धरून या दुकानातून त्या दुकानात फिरावं. ‘एसएस तीनशे चार’ किंवा ‘हाय टेन्साइल आठ पॉइंट आठ’ म्हटलं की समोर पुडी येते, आणि बारा बोल्टांचे पैसे चहापाण्याच्या हिशोबात बसतात. पण डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही कोरलेलं नसेल तर हेडसाठी घेऊच नका. १२.९ ग्रेडचा दाखवून ‘हा अजून भारी’ म्हणतील, तोही नको. जास्त कडक म्हणजे जास्त योग्य नव्हे, आणि त्यावर झिंकचं पाणी चढवलेलं असेल तर तो ठिसूळ होऊन तुटण्याचा धोका राहतो.

माझा कौल असा: हेडमध्ये ओरिजिनल बोल्ट, ओरिजिनल गॅसकेट, आट्यांना निकेल किंवा सिरॅमिकवाली अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट. जुनी गॅसकेट पुन्हा वापरू नका. पेस्ट लावली की त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे मिस्त्रींना आधी विचारा. कन्व्हर्टरच्या मागचे फ्लँज, क्लॅम्प, हँगर मात्र सरळ नागदेवीचे स्टेनलेस. तिथे आटे गेले तर नट-बोल्ट कापून फेकायचा, इंजिनाला धक्का नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस नट गनने आवळला की जागीच चिकटतो, म्हणून पेस्ट लावून हातपान्याने आवळा. अगदी मागच्या जोडावर पितळी नट लावला तरी चालतो.

मागचा सायलेन्सरच सडला असेल तर हिशोब बदलतो. मुंबईत अशा गाड्या रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत येतात; सायलेन्सर पुरता तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं आणि तो आतून कुजतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातला मिळाला तर हलवून बघा, आत खडखड आली तर परत ठेवा. शिवणीवर गंजाचे ओघळ असतील तरी तेच. तिथे याच गाडीचा मिळणं नशिबाचा भाग. नवीन ओरिजिनल परवडत नसेल तर ३०४ स्टेनलेसच्या पाइपमध्ये बनवून घेणं मला जास्त पटतं, पण टिग वेल्डिंगने आणि पाइपच्या आतूनही आर्गॉन वायू सोडून. पाइप गाडीखाली, तिच्याच हँगरवर टाके मारून जुळवा, बॅटरीच्या तारा सोडवून ठेवा, पुरतं वेल्डिंग खाली उतरवून करा. साध्या पत्र्याचा जोड एक-दोन पावसाळे काढतो, तेवढंच.

आवाज वाढवायच्या फंदात पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज व प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळीच १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कन्व्हर्टर काढून टाकलात तर पीयूसीलाही अडाल.

काम शक्यतो एप्रिल-मेमध्ये उरका. माझ्या गाडीची टिकटिक गेली आहे. बारापैकी ज्या एका बोल्टाखाली हेलिकॉइल आहे त्यावर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय, म्हणजे पुढे जो कोणी पाना लावेल तो तिथे जपून लावेल.