नॅनो सोन्याच्या सहा बाटल्या

अण्णांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नंतर रेडिएशनचे तीस शेक लिहून दिले. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मुंबईत खोली भाड्याने घेतली, आईला गावाहून आणलं. मी सांगली जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला.

नंबर लागेपर्यंत मी हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर थांबायचो. तिथे तो भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, कार्ड मात्र शर्टाच्या खिशात आत सरकवलेलं. स्वतःला संशोधन समन्वयक म्हणवत होता. कितवा शेक, तोंड आलंय का, गिळताना जळजळतं का, असं सगळं नेमकं विचारलं. मी काय करतो ते कळल्यावर म्हणाला, "मग सर, तुम्हाला काय समजवायचं! सोन्याचा अणुक्रमांक किती?"

"एकोणऐंशी." पहिल्या बाकावरच्या पोरासारखं मी पटकन उत्तर दिलं.

पुढे त्याने जे विज्ञान सांगितलं ते खरंच होतं. जड अणू क्ष-किरण जास्त शोषतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते लांब जात नाहीत, आसपासच्याच पेशींना मारतात. गाठीत धातूचे अतिसूक्ष्म कण असले तर तेवढ्याच शेकात गाठीला जास्त मार बसतो. पत्रकावर अमेरिकेतला 2004 सालचा प्रयोग होता: नुसते क्ष-किरण दिले तर वर्षभराने 20 टक्के जिवंत, सोन्याचे कण आणि क्ष-किरण दिले तर 86 टक्के. रात्री मोबाइलवर शोधलं. शोधनिबंध सापडला, आकडे जुळले. जिवंत राहिलेले उंदीर होते हे पत्रकावर नव्हतं, निबंधात होतं. मी वाचलं आणि पुढे सरकलो. आशा लागली की माणूस वाचतो तेही सोयीने वाचतो.

पिण्याच्या 'नॅनो सोन्या'ची 30 मिलीची बाटली आठ हजारांना. शेकाआधी अर्धा तास दोन चमचे. अठरा शेक बाकी होते, म्हणजे सहा बाटल्या, अठ्ठेचाळीस हजार. "ट्रायल चालू आहे म्हणून या भावात, सर. आणि डॉक्टरांजवळ बोलू नका, त्यांना नवं काही पटत नाही." आईने गळ्यातली बोरमाळ काढून दिली, ती गहाण टाकली. पैसे ज्या यूपीआय खात्यावर गेले त्यावर एका किराणा दुकानाचं नाव होतं. तेव्हाही मला काही खटकलं नाही! पावती मागितली तर म्हणाला, ट्रायलची पावती नसते.

बाटली हलवली की आत सोनेरी झगमग उठायची. अण्णा म्हणाले, "गणपतीच्या मुकुटाला लावतात तसलं दिसतंय रे." मी त्यांना गप्प केलं.

शेकांनी तोंड आतून सोललेलं, त्यावर ते आंबूस पाणी. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, सलग दोन शेक बुडाले. शेकांमध्ये खंड पडला की उरल्यासुरल्या पेशींना वाढायला सवड मिळते, म्हणून तिथे एकेका दिवसाचा हिशेब ठेवतात. मशीनवरच्या मुलाने कारण विचारलं, अण्णांनी सरळ सांगून टाकलं. अण्णांच्या डॉक्टर मॅडमनी मला बाटली घेऊन बोलावलं.

रात्रभर न हलवलेल्या त्या बाटलीच्या तळाशी चकाकीचा जाड थर बसला होता. मॅडमनी ती खिडकीकडे धरली. "सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात असले की पाणी सोनेरी दिसत नाही, लालसर दिसतं. फॅराडेने 1857 सालीच दाखवलंय. तुम्ही फिजिक्स शिकवता ना?"

मी मान खाली घातली.

मग त्यांनी कागद ओढला. त्या उंदरांना शिरेतून किलोमागे 2.7 ग्रॅम सोनं दिलं होतं. अण्णांचं वजन 55 किलो. गुणाकार मला करायला लावला. 148.5 ग्रॅम, जवळजवळ पंधरा तोळे! शिवाय ते क्ष-किरण 250 किलोव्होल्टचे होते. अण्णांना शेक देणारं मशीन सहा मेगाव्होल्टचं, म्हणजे त्याच्या चोवीसपट, आणि तिथे सोन्याचा हा फायदा फार कमी होतो. प्यायलेलं सोनं आतड्यातून बाहेर पडतं, गालापर्यंत पोहोचत नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट: अण्णांची गाठ ऑपरेशनमध्येच काढलेली. कण बसणार कुठे?

ही विद्या खोटी नाही, असंही त्या म्हणाल्या. फ्रान्समधल्या एका कंपनीने हॅफ्नियम या जड धातूच्या ऑक्साइडचे कण काढलेत. ते डॉक्टर सुईने थेट गाठीत सोडतात, शेक सुरू होण्याआधी, एकदाच. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींच्या (स्नायू, चरबी वगैरे) सार्कोमासाठी, म्हणजे तिथल्या कॅन्सरसाठी, युरोपात 2019 साली त्याला मान्यता मिळाली. चाचणीत नुसत्या शेकांनी शंभरातल्या 8 जणांची गाठ जवळपास पूर्ण मेलेली निघाली, कणांसह 16 जणांची. दुप्पट खरं, पण सोळाच. पत्रकावर छापायला हा आकडा कुणी घेणार नाही.

ट्रायलचं मी नंतर तपासलं. भारतात औषधाच्या चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करावी लागते आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. पेशंटला त्याच्या भाषेतलं संमतीपत्र मिळतं, त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटचं हित पाहणाऱ्या समितीचा, संपर्क असतो, आणि चाचणीतलं औषध टपरीवर विकत नाहीत. त्या माणसाने सही म्हणून कुठे घेतलीच नव्हती. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून पत्रकाचे फोटो, यूपीआयची नोंद आणि दोन सीलबंद बाटल्या पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या. पैसे अजून आलेले नाहीत.

बुडालेले शेक मॅडमनी शनिवारी बोलावून भरून काढले. अण्णा आता भाकरी दुधात कुस्करून खातात. बोरमाळ अजून सुटलेली नाही, आई तिचा विषय काढत नाही.

परवा शेकाच्या रांगेत ओळख झालेल्या एका ताईंनी पत्रक पाठवलं, "सर, हे खरं आहे का?" तेच पत्रक, तोच 86 टक्क्यांचा आकडा. फक्त सोन्याच्या जागी आता 'हॅफ्नियम' लिहिलंय आणि बाटली बारा हजारांना झाली आहे.