टायटॅनियम ग्राउंडिंग प्रोब: घ्या, पण आरसीसीबी बसवल्यावरच

अ‍ॅक्वेरियमच्या टँकमध्ये हात घातला की झिणझिण्या येतात, बोटाला ओरखडा असला तर जास्तच. यावर हमखास सुचवली जाणारी वस्तू म्हणजे ग्राउंडिंग प्रोब: पाण्यात सोडायची टायटॅनियमची कांडी आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला फक्त अर्थला जोडणारा प्लग. धातूची निवड अचूक आहे. खाऱ्या पाण्यातही टायटॅनियम गंजत नाही. त्याऐवजी तांब्याची तार सोडायचा जुगाड करू नका, तांबं कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतं.

खोट निघते ती प्लगमध्ये. अमेरिकन प्लगचा प्रोब आला तर युनिव्हर्सल अ‍ॅडाप्टरवर भिस्त नको, त्यात अर्थचा संपर्क बऱ्याचदा नसतोच. प्लग कापून आपला थ्री पिन टॉप बसवा, वायर फक्त जाड पिनेला. मग मल्टिमीटरने कांडी ते पिन कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) बघा, एक-दोन ओहमच्या आत यायला हवी.

प्रोब विजेची गळती थांबवत नाही, तिला वाट करून देतो. फुटक्या हीटरमधून काही मिलिअँपिअर गळत असतील तर ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही आणि करंट पाण्यातून प्रोबकडे वाहत राहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, असेल तरच चित्र पालटतं. गळती त्या मर्यादेला पोचली की तो पडतो, पाण्यात हात जाण्याआधीच. घराचं अर्थिंग तुटलेलं असेल तर प्रोब उलट घातक: त्याच अर्थवर असलेल्या बिघडलेल्या गीझरचा करंट टँकमध्ये येऊ शकतो. सॉकेटमध्ये फेज-अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल-अर्थ जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसले नाहीत, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि प्रोब सोडण्याआधी दोषी उपकरण शोधा, नाहीतर रीडिंग खाली येऊन चोर लपतो. मीटर एसी व्होल्टवर, मोठ्या रेंजला. काळी वायर सॉकेटच्या अर्थमध्ये, लाल पाण्यात, दोन्ही क्रोकोडाइल क्लिपने पक्क्या करून मगच वीज चालू करा. हात पाण्याबाहेर. एकेक उपकरण बंद करा आणि आकडा कशाने पडतो ते बघा, पण नुसत्या बटणाने नको, पिन उपसा: वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच राहतो. हीटर तपासताना तो तापत असायला हवा. थर्मोस्टॅटने बंद केलेला हीटर निर्दोष भासतो, म्हणून सेटिंग तात्पुरतं वाढवा.

३०-४० व्होल्ट दिसले म्हणून लगेच पंप फेकू नका. डिजिटल मीटरला पंपाच्या कॉइलचा नुसता प्रेरित व्होल्टेजही दिसतो. मीटरच्या दोन वायरींमध्ये ४७ किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. आकडा एक-दोन व्होल्टवर कोसळला तर तो प्रेरित. तसाच टिकला तर गळती खरी. मग हीटरच्या टोपीचं सील आणि पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवायच्या पंपाच्या) कॉइलवरचं इपॉक्सी बघा. तडा दिसला तर चिकटवत बसू नका, उपकरण बदला.

प्रोबसोबत येणारा सक्शन कप लवकर सुटतो. कांडी क्लिपने काठाला अडकवा. संप (टँकखालची फिल्टरची टाकी) असेल तर एक प्रोब पुरत नाही. पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबला की वरचं आणि खालचं पाणी तुटतं, मग संपमधला प्रोब वरच्या टँकच्या कामाचा राहत नाही. दोन्हीकडे एकेक घ्या.