सांगली-साताऱ्यात डीएनए लॅब उभारताना: आधी सिक्वेन्सर की सिंथेसायझर?

विद्यापीठाच्या विभागात किंवा मोठ्या कॉलेजात डीएनए वाचायची (सिक्वेन्सर) आणि बनवायची (सिंथेसायझर), अशा दोन्ही सोयी एकदम उभ्या कराव्यात का, हा प्रश्न तुमच्यापुढे असेल तर माझं मत सरळ आहे. वाचन इथे आणा, बनवणं बाहेर ठेवा.

सिंथेसायझर आज जे रसायन वापरतो, ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्विन कॅरुदर्स यांनी घडवलं. डीएनएच्या साखळीला एकेक अक्षर (A, T, G किंवा C हा घटक) जोडायचं आणि दर अक्षराला चार पायऱ्या. या रसायनाला ओलावा अजिबात चालत नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात अभिकर्मक आणि अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक कोरडं ठेवणं हेच पूर्णवेळ काम होऊन बसतं. शिवाय प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली, तरी २० अक्षरी प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) पूर्ण लांबीचे मिळतात सुमारे ८३ टक्के आणि १०० अक्षरी तुकडे जेमतेम ३७ टक्के. पुढे शुद्धीकरण आलंच. विकतचा प्रायमर मात्र कोरड्या भुकटीच्या रूपात साध्या कुरिअरने येतो, बर्फही लागत नाही. रसायनशास्त्र विभागात बदललेल्या न्यूक्लिओटाइडवर (डीएनएच्या अक्षरांवर) संशोधन चालू असेल, तरच स्वतःचं यंत्र घेण्यात अर्थ आहे.

वाचनात खरी निवड सँगर आणि नॅनोपोर या दोन पद्धतींत आहे. हजारो नमुन्यांसाठी बनलेल्या मोठ्या शॉर्ट-रीड (डीएनए छोट्या तुकड्यांत वाचणाऱ्या) यंत्राचा विचार आत्ता नकोच.

१९७७ ची सँगर पद्धत एका वेळी ७०० ते ९०० अक्षरं अतिशय स्वच्छ वाचते. तासगावच्या द्राक्षबागेतला केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा रोग स्ट्रोबिल्युरिन गटातल्या बुरशीनाशकाला दाद देत नसेल, तर सायटोक्रोम बी जनुकातलं एक अक्षर बदललंय का, हे ती दाखवते. त्या बदलाने प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनिन येतं आणि औषध लागू पडत नाही. पण बागेतल्या केवड्यात असे बदललेले बीजाणू १५-२० टक्क्यांहून कमी असतील, तर सँगरच्या आलेखात ते सहसा दिसत नाहीत. आणि शेतकऱ्याला सावध करायची वेळ तर तीच असते! कासच्या वनस्पती ओळखायला लागणारे आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांचे तुकडेही सँगरवर छान वाचता येतात. अडचण यंत्राची आहे: डीएनए ज्यातून धावतो त्या केशनलिका सुकल्या की वाया जातात, त्यांत भरायच्या पॉलिमरला मुदत असते. रोज नमुने नसतील तर पीसीआर करून (हव्या तुकड्याच्या प्रती वाढवून) तो डीएनए सेवा देणाऱ्या लॅबकडे पाठवणं परवडतं.

नॅनोपोरचं छोटं यंत्र तळहातावर मावतं. छिद्रातून डीएनए सरकताना विद्युतप्रवाह बदलतो, त्यावरून हजारो अक्षरं सलग वाचली जातात. जिवाणूचा पूर्ण जीनोम, किंवा केवड्याच्या त्याच तुकड्याची हजारो वेळा मोजणी, ही कामं त्याची. एकच अक्षर ओळीने आलं की ते अजून चुकतं. ही छिद्रं असलेला भाग, म्हणजे फ्लो सेल, फ्रिजमध्येही काही महिनेच टिकतो, म्हणून नमुने आधी जमवा, मग मागवा. विद्युतप्रवाहाच्या नोंदींची अक्षरं करायला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक त्याच अंदाजपत्रकात धरा.

माझी पसंती नॅनोपोर घरात, सँगर बाहेर.

सांगलीत जागा निवडताना २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराची पातळी बघा. फ्रीझर तळमजल्यावर नको, आणि त्याला जनरेटरची वेगळी लाइन हवी. तंत्रज्ञाचं पद मंजूर होईपर्यंत खरेदीच्या आदेशावर सही करू नका.