नवे पुर्जे आणून जोडावा, ऑफिसातला जुना घ्यावा, की लॅपटॉपच बरा?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी चण्याला पाणी देत होतो. "मामा, नागपूरवरून पुर्जे आणून घरीच कॉम्प्युटर जोडला तं? व्हिडिओत तं लय सोपं दिसते." मी म्हटलं, "जोडशीन बाप्पा. पण बटन दाबलं अन् चालूच नाही झाला, तं कोनाले इचारशीन?" तो गप्प बसला. पुढच्या बाजाराच्या दिवशी वही घेऊन घरीच आला. त्या वहीत आम्ही दोघांनी जे खरडलं, तेच इथे जरा नीट करून मांडतो. त्याला घरात कामाचा कॉम्प्युटर हवा होता आणि तो खोलायला-दुरुस्त करायलाही शिकायचं होतं. ज्यांना फक्त फॉर्म भरायचे आणि पोरांचे क्लास पाहायचे आहेत, त्यांचं उत्तर वेगळं निघेल.

आधी लॅपटॉप. आपल्याकडच्या लाइनचा विचार केला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बॅटरी पोटातच असते. चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, त्यामुळे गावात व्होल्टेज १७० वर आला तरी त्याला काही वाटत नाही. पण शिकायला तो कुचकामी. पुष्कळ पातळ मॉडेलांत रॅम मदरबोर्डावरच (सगळे पुर्जे जोडायची आतली पाटी) सोल्डर केलेली असते, आणि बोर्ड गेला की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवाच घ्यायला निघतो. ज्याच्या घरी दिवसातून पाच-सहा तास लाइन नसते आणि इन्व्हर्टरही नाही, त्याने पुढचं वाचायची गरज नाही, लॅपटॉप घ्यावा.

तालुक्याच्या दुकानातून जोडून घेणं ही सगळ्यात रुळलेली वाट, आणि माझ्या मते सगळ्यात फसवी. दुकानदार वाईट असतात असं नाही. गिऱ्हाईक "आय-फाइव्ह" एवढंच ऐकतं आणि पैसे मोजतं, हा घोळ आहे. आय-फाइव्ह हा इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू; पण तो कितव्या पिढीचा, हे बिलावर नसतं. नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये, नव्या छापाच्या पण जुन्याच बनावटीच्या एच-६१ बोर्डावर, २०१२ सालचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवलेला मी स्वतः खोलून पाहिला आहे. घेणाऱ्या कास्तकाराला तो नवा कॉम्प्युटर वाटत होता. दुसरी गोम एसएमपीएसची. कॅबिनेटसोबत "फुकट" येणारा एसएमपीएस हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. अख्ख्या मशीनला वीज तोच पुरवतो, आणि पैसे वाचवायला पहिली कात्री त्यालाच लागते. दुकानातूनच घ्यायचा असेल तर बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचं मॉडेल आणि एसएमपीएसची कंपनी लिहून मागा. दुकानदार कां-कूं करू लागला तर तिथून उठा.

आता खरा सामना. एका बाजूला ऑफिसांतून निघालेला ब्रँडेड जुना डेस्कटॉप, दुसऱ्या बाजूला स्वतः जोडलेला नवा.

माझ्या टेबलावर दोन्ही आहेत. जुना म्हणजे आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८५००, सहा कोअरचा, २०१८ सालचा. नवा मी २०२३ मध्ये जोडला: रायझन ५ ५६००जी, सहा कोअर, बारा थ्रेड, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच. जुना १६ जीबी रॅम आणि एसएसडीसकट (फाइली साठवायची वेगवान डिस्क) चौदा हजारांत पडला. नव्याला मॉनिटर सोडून अठ्ठावीस हजारांच्या आसपास लागले. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे माझ्या आकड्यांवर आज जाऊ नका. एवढं खरं की रॅम आतच असलेला जुना डबा त्यामुळे आणखी परवडू लागला. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, खरं तर सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. शिकायला बसलात की ती सवय मोडा, नाहीतर दुकानात "सीपीयू बदलायचा आहे" म्हणाल आणि दुकानदार नवं मशीन दाखवायला लागेल.)

रोजच्या कामात, म्हणजे ब्राउझर, टायपिंग, सातबारा काढणं, फोटो छापणं, यात दोघांत फरक जाणवत नाही. लग्नाचे व्हिडिओ कापायला घेतले की जाणवतो, तिथे नवा स्पष्ट पुढे जातो. मग त्यात ग्राफिक्स कार्डही घालता येतं. जुन्यांतल्या बारक्या आडव्या डब्यांत कार्डाला जागाच नसते, म्हणून जुना घ्यायचाच तर उभा टॉवर घ्या. पण टॉवर घेतला तरी एक अडचण राहतेच. डेल, एचपी, लेनोवोच्या या ऑफिस मशीनांत एसएमपीएसची मुख्य वायर बहुधा नेहमीच्या २४ पिनांची नसते, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यामुळे तो जळाला की तालुक्यात त्याच्या जोडीचा मिळत नाही, नागपूरहून नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. नव्यात बाजारातला कोणताही २४ पिनी एसएमपीएस बसतो. जुन्याची ही खरी कमजोरी, आणि ती मी लपवणार नाही.

विंडोजचंही पाहून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे स्वस्तात खपवले जातात ते म्हणूनच. विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स मिंट चालवायची तयारी असेल तर ते बिनधास्त घ्या, मराठी इन्स्क्रिप्ट त्यातही टाइप होतं. तयारी नसेल तर आठवीच्या खाली उतरू नका.

वॉरंटीत नवा जिंकतो, पण त्याला एक पुस्ती आहे. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, कुणाची तीन वर्षं, कुणाची पाच. मात्र पुर्जा खराब झाला तर नेमका कोणता, हे तुम्हालाच ठरवायचं आणि तोच घेऊन जायचा. यवतमाळपासून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. चुकीचा पुर्जा नेला तर दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, आणि घरी आल्यावर मशीन तसंच मुकं.

भाच्याला मी फोनवर जे विचारलं होतं ते यासाठीच. जोडणं अवघड नाही. जवळपास प्रत्येक पुर्जा एकाच बाजूने बसतो, चुकीचा बसत नाही. एएम-४ प्रोसेसरच्या (माझा ५६००जी त्याच जातीचा) पिना वाकवल्या नाहीत आणि प्रोसेसरची ती आठ पिनांची वेगळी वायर लावायला विसरला नाहीत (पहिल्यांदा जोडणारा हटकून विसरतो, मीही विसरलो), तर पाच तासांत मशीन उभं राहतं. अवघड आहे ते न चालणारं मशीन समोर असताना दोष शोधणं. तो शोधायची सगळ्यात खात्रीची रीत: चालू असल्याची खात्री असलेला पुर्जा लावून पाहायचा. शहरात मित्राकडून रॅम मागून आणता येते. आमच्या गावात डेस्कटॉप मोजून चार, त्यातला एक ग्रामपंचायतीत. नवे सगळे पुर्जे एकदमच आणले, स्क्रीन काळीच राहिली, तर बोर्ड मेला की रॅम मेली हे कशावरून ठरवणार? तुमच्याजवळ खात्रीचं काहीच नाही.

जुना डबा मात्र चालू स्थितीत घरी येतो. तो खोला, रॅम काढा, पुन्हा बसवा. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून त्याखालची जुनी पेस्ट पुसा, नवी लावा. चालला नाही तर चूक तुमच्या हातून आत्ताच झाली आहे, आणि कुठे झाली हेही ठाऊक आहे. अशी चूक सापडते. शिकायचं ते असं. शिवाय आठव्या पिढीच्या त्या डब्यातली डीडीआर-४ रॅम ५६००जीच्या बोर्डावर चालते, आणि साटा एसएसडी तर कुठेही. म्हणजे वर्षभराने नवा जोडाल तेव्हा जुना डबाच तुमची खात्रीच्या पुर्ज्यांची पेटी होईल.

शिकवणारा कोण, हाही प्रश्न आहेच. एमएस-सीआयटी वापरायला शिकवतं, खोलायला नाही. आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेडही मुख्यतः सॉफ्टवेअरचाच. व्हिडिओ चांगले आहेत, पण त्यांत सगळं पहिल्या बटनात चालू होतं. महिना-दोन महिने एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात बसायला मिळालं तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण दुकान असं निवडा, जिथला माणूस प्रत्येक दुखण्यावर "विंडोज मारून देतो", म्हणजे नव्याने टाकून देतो, एवढंच म्हणत नाही. माझं पहिलं मशीन एका पावसाळ्यात बंद पडलं तेव्हा असल्याच एका दुकानात "मदरबोर्ड गेला" ऐकून मी परत आणलं होतं. राग म्हणून घरी खोललं, रॅमच्या सोनेरी पट्ट्या पोराच्या खोडरबराने घासल्या, पुन्हा खटकन् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. चालू झालं. मी कॉम्प्युटर शिकलो तो दिवस तोच म्हणायचा.

आता ज्याबद्दल कोणताच व्हिडिओ सांगत नाही ते. मशीन कोणतंही घ्या, आपल्याकडे त्याचे वैरी तीन: लाइन, ऊन आणि कापूस.

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे मल्टिमीटरवर संध्याकाळी १७५ व्होल्ट दिसतात. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळून नवी बसली की दुसऱ्या टोकाला जातात. स्वतः जोडणार असाल तर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज नीट घेणारं सर्किट असलेला) एसएमपीएसच घ्या. फक्त २३० चा घेतला तर मशीन आपोआप रीस्टार्ट होईल आणि तुम्ही रॅमवर संशय घेत बसाल. सहाशे व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला पंधरा-वीस मिनिटं देतो. तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचं, सिरीयल बघत बसायचं नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटन यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइन बदलताना मशीन झटका खातं. आणि बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करायला ढगाळ दिवस निवडू नका. अर्ध्यात लाइन गेली तर बोर्डाचा दगड होतो. जून महिन्यात विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढा, इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर आधी त्यात पाणी-मीठ घाला, मग कॉम्प्युटरचं बोला.

चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आमच्या टिनाच्या खोलीत काय होत असेल ते समजून घ्या. ६५ वॉटचा प्रोसेसर म्हणूनच बरा, तापखोर गेमिंगवाला नको. कूलरची हवा थेट डब्यावर मात्र घेऊ नका. ती ओली असते, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार टाटीवर साचलेला आपण पाहतोच.

कापूस भाव येईपर्यंत घरात भरून ठेवतो आपण. त्याचे तंतू पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखे बसतात. गेल्या फेब्रुवारीत मी एका डब्यातून एवढा निघालेला पाहिला की वात वळता आली असती. दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं.

जुना निवडत असाल तर तपासणी दुकानातच करा. लिनक्स मिंट टाकलेला पेनड्राइव्ह खिशात न्या आणि त्यावरून मशीन सुरू करून पाहा. बायोसला पासवर्ड आहे का, विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का, मागच्या सगळ्या यूएसबी चालतात का, एवढं बघायला वीस मिनिटं लागतात. अवजारं म्हणाल तर चुंबकी फुलीचा पेचकस, थर्मल पेस्टची एक ट्यूब, साधा मल्टिमीटर. मल्टिमीटरला कंजुषी करू नका, तो मोटारीलाही लागतो.

भाच्याने शेवटी टॉवर घेतला, आठव्या पिढीचा, आणि उरलेल्या पैशांतून यूपीएस. नवा जोडायचा ते पुढच्या दिवाळीवर ढकललंय. व्हिडिओ कापायचा धंदा त्याने सुरू केला असता तर मी त्याला उलट सांगितलं असतं, की थेट नवाच जोड, पण पहिल्यांदा बटन दाबताना मला बोलाव.

परवा फोन आला. "मामा, बँकेची साइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हनते. दुकानवाला म्हनते विंडोज मारा लागते." मी विचारलं, "कोपऱ्यात तारीख काय दिसते?" "२०१९." म्हटलं, "काही मारू नको. बोर्डावरचा सेल संपला की तारीख मागं जाते, अन् तारीख चुकली की साइट असं म्हनते. घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आन. बोर्डावर रुपयाएवढा गोल दिसते, तो काढ, हा बसव, अन् बायोसमध्ये तारीख टाक."

अर्ध्या तासाने नुसता फोटो आला, स्क्रीनच्या कोपऱ्याचा.